आईच्या उशाखालचं इंजिन

आमच्या बाबांना चाकांवरचं घर घ्यायचं होतं. प्रभाकरराव भांडेवाले म्हटलं की सेलू-हिंगणीच्या बाजारात लोक अजून ओळखतात. ते आणि आई, म्हणजे यशोदाबाई, टेम्पोत स्टीलची भांडी भरून जन्मभर बाजार करत फिरले. मागच्या वर्षी लकव्यानं आईची डावी बाजू गेली आणि पिपरी मेघेच्या घरात तिनं खाट धरली. "मले एकदा बजाराच्या रस्त्यानं फिरवून आना," एवढंच ती म्हणाली. झालं, बाबांच्या डोक्यात भूत शिरलं.

जाम गावाला हायवेवर मुकेशचं गॅरेज आहे. त्याच्याकडे पलंग, ओटा बसवलेल्या दोन जुन्या गाड्या विकायला होत्या. मी पलंगाची उंची पाहत होते, संडासाचं दार पाहत होते. बाबांचं लक्ष फक्त इंजिन कुठून उघडतं त्याकडे.

"काकाजी, या लंब्या नाकवालीचं बोनट बाहेरून खुलते," मुकेश म्हणाला. "त्या दुसरीचं इंजन आतमंदी हाये, पलंगाच्या उशाखाली."

"नाकवालीच पाह्यजे," बाबा म्हणाले. "नलूच्या मायले उठवा लागनार नाई."

ते का म्हणतात ते मला ठाऊक होतं. आमच्या टेम्पोचं इंजिनही आतच होतं, पत्र्याच्या झाकणाखाली. त्या झाकणावर गोधडीची घडी टाकून आई बसायची. मेलं ते इंजिन उन्हाळ्यात हमखास तापायचं. "उठ व," बाबा म्हणायचे. आई पुटपुटत उठायची, गोधडी काखेत मारायची, पाण्याचा डबा द्यायची, पाना धरायची, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. बाजारात कोणी फसवलं, माझ्या भावाला, धीरजला, कोणत्या शाळेत घालायचं, माझं लग्न कुठं करायचं, सगळं त्या उघड्या इंजिनापाशी ठरलं. मी मागे भांड्यांच्या पोत्यांवर पडून ऐकायचे. डिझेलचा वास आला की मला अजून ते दिवस आठवतात, आणि फार बरं वाटतं.

पण म्हणून काय आता लकव्याच्या बाईला उठबस करायला लावायची? मीही नाकवालीच म्हटलं.

पसंतीसाठी आईला जामला नेलं. धीरजनं आणि मी तिला उचलून नाकवालीच्या पलंगावर टेकवून बसवलं. बाबा हौसेनं खाली उतरले आणि त्यांनी बोनट वर केलं. समोरची काच पार झाकली गेली.

"पाह्य, तू पडून राह्य, मी इकडं सारं करतो," बाहेरून त्यांचा आवाज आला.

आई त्या पत्र्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले. "नलू, हे नोको," ती अडखळत मला म्हणाली. "मले घरी ने."

बाबा धावत आत आले. चिडलेच ते. "काऊन नोको? तुह्यासाठीच तं पाहून राह्यलो."

"बिघडली तं मी काय पत्र्यासंग बोलू?"

बाबांनी खाली उतरून बोनट लावलं.

मग आम्ही तिला दुसऱ्या गाडीत नेलं. पलंगाच्या उशापासून एका कडेला सरकवताना तिला दुखलं, तरी तिनं कड धरून स्वतःच जोर लावला. बाबांनी उशाची फळी काढली, झाकण उचललं आणि तिच्याशेजारी उकिडवे बसले. आईनं चांगला हात पुढं केला.

"पाना माह्यापाशी द्या."

इंजिनाला काहीच झालेलं नव्हतं. तरी बाबांनी मुकेशला पाना मागितला आणि तिच्या हातात दिला.