सिस्टरनं दाखवलेलं घर

सामान भरून टेंपो खाली उभा होता. माझा मुलगा पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत धापा टाकत बसला होता. आणि वर तिसऱ्या मजल्यावर माझी सून घर बघायला आलेल्या नवराबायकोला सांगत होती, "या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. इथं कपाट लावू नका." दोघं एकमेकांकडे बघून जिना उतरले.

ती नर्स होती. सगळे सिस्टर म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. तिला खोटं बोलता यायचं नाही. "आई, आज आमटी खारट झालीय," असं तोंडावर सांगायची आणि वाटी पुसून संपवायची. मला राग यायचा. पण ती चांगलं म्हणाली, तर ते चांगलंच असायचं.

मुलाची फुफ्फुसं बिघडली, नोकरी गेली. कर्वेनगरचं भाडं झेपेना, त्याला जिना चढवेना. वारज्यात तळमजल्यावर स्वस्तातलं घर मिळत होतं. पण आमचा करार अजून संपला नव्हता. मालक म्हणाले, "मुदतीआधी जाताय ना? मग नवा भाडेकरू द्या आणि डिपॉझिट न्या." ते डिपॉझिट वारज्यात भरल्याशिवाय तिथली किल्ली मिळणार नव्हती.

मग सिस्टर येईल त्याला घर दाखवू लागली. पाणी कधी जातं, ड्रेनेज कधी तुंबतं, सगळं सांगायची. मालक वैतागले. "सिस्टर, घर दाखवताय की पंचनामा करताय?" पुढच्या वेळी त्यांनी तिला गप्प राहायला सांगितलं. आलेल्या बाईनं विचारलं, "पाण्याचं कसं आहे?" सिस्टर म्हणाली, "मला बोलायची मनाई आहे." ती बाईही गेली.

हे नवराबायको मात्र पक्के आहेत, असं मालक म्हणाले होते. म्हणून तर आम्ही टेंपो भरला होता.

सिस्टर खाली आली. मुलानं विचारलं, "मिळाले का पैसे?"

"नाही."

"आता गं?"

"माहीत नाही. चल, बस टेंपोत."

वारज्यात घरमालकीण दारातच उभी होती. बाई तिथल्याच जुन्या शेतकरी घरातली. मी सिस्टरच्या कानात म्हटलं, "उद्या देतो म्हण." ती सरळ म्हणाली, "मावशी, डिपॉझिट नाहीये. नवरा आजारी आहे. फार दिवस काढेलसं वाटत नाही." मी तिला चिमटा काढला. मरणारं माणूस आणलंय, असं घरमालकाला कोण सांगतं?

मालकीण भडकली. "माझ्या घरात मरायला आणलास व्हय गं त्याला? आन् वर सांगतीस?"

टेंपोत मुलगा खोकत होता. मालकिणीनं वाकून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कमरेची किल्ली काढली. "आन त्याला आत. रस्त्यावर मरू द्यायचं का? पैशाचं मागनं बघू."

सिस्टरचं तेवढं एकच बोलणं चुकलं. औषधं लागू पडली, मुलगा चालू लागला. पुढच्या पावसाळ्यात ड्यूटीवरून ती ताप घेऊन आली. मला म्हणाली, "आई, हा ताप बरा दिसत नाही." ते मात्र बरोबर निघालं.

त्या घरातून ती गेली. माझा मुलगा जगला, आणि मी.