आमच्या फोनवरचं तिचं बोलणं

शेजारच्या सुनेचं तिच्या आईशी चाललेलं बोलणं मी चोरून ऐकत असे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही संगमनेरला राहत होतो. मी एका डेअरीत कारकून, बायको शाळेत शिक्षिका. शेजारच्या घराची आणि आमची भिंत एकच होती. कॉर्डलेस फोनचं तेव्हा फार अप्रूप. मुंबईहून माल आणणाऱ्या एका माणसाकडून शेजारच्या काकांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, आणि मी अगदी एकसारखे फोन घेतले होते. हँडसेट हातात घेऊन अंगणात फिरत बोलायचं, एवढ्यानंच माणूस मोठा वाटायचा.

एका दुपारी जेवायला घरी आलो. आमचा हँडसेट जागेवर पडलेला, आणि खालच्या पेटीवरचा लाल दिवा मात्र लागलेला. कुणी बोलत असलं तरच तो दिवा लागे. आतल्या खोलीत त्याच लाइनवर जुना वायरचा फोन होता. तो मी आवाज न करता उचलला.

"आये, खाल्लंस का काय?"

"खाल्ली की भेळ."

"भेळ? दात हायेत का तुला?"

"दोन हायेत. भेळंला पुरत्यात."

दोघी हसत सुटल्या. पहिला आवाज शेजारच्या सुनेचा होता. आमचा फोन वापरणारा चोर सापडला होता. मी ऐकत उभा राहिलो.

हळूहळू उलगडा झाला. तिच्या भावाच्या लग्नात काकांचा मानपान नीट झाला नाही, म्हणून त्यांनी तिचं माहेर बंद केलं होतं. जाणं नाही, फोन नाही. दुकानात जाताना ते आपल्या फोनच्या पेटीची पिन काढून खिशात घालून नेत. पण हँडसेट घरी राही, आणि भिंतीजवळ धरला की तो आमच्या पेटीला लागे. हे तिला कधी, कसं कळलं कोण जाणे. आई काष्टीजवळच्या वस्तीवर राहायची. बाजाराच्या दिवशी ती काष्टीत येऊन एका किराणा दुकानातल्या फोनपाशी बसे.

मग मीही बाजाराचा दिवस लक्षात ठेवू लागलो. त्या दिवशी डबा नेत नसे. बिल वाढलं होतं, पण तक्रार केली असती तर बोलणं बंद पडलं असतं. आमच्या घरात आम्ही दोघं गॅस, दूध, भाजी एवढंच बोलायचो. कुणी कुणाला दातांवरून चिडवत नव्हतं. मी रिसीव्हर धरून उभा राहायचो, आणि जेवण तसंच राहायचं.

एकदा आईनं विचारलं, "पन फोन हाय तरी कुनाचा, बये?"

"शेजारच्या भाऊंचा. लई मुकं मानूस. त्यांच्याशी बोलायचं म्हंजी रेशनच्या रांगेत हुभं ऱ्हायचं. आत माल हाय का न्हाई, त्येबी कळत न्हाई."

"आसंना. त्यांचा फोन तर बोलतोय."

पुन्हा दोघी हसल्या. माझे कान तापले.

त्याच फोनवर पुढं तिचा आवाज बदलला. "आये, दादाला धाड ना मला न्यायला. चारच दिस."

"आनि परत भांडनं? दर बाजाराला तुझं त्येच रडगानं. आता तिथंच ऱ्हायला शीक."

तिनं फोन ठेवला.

संध्याकाळी मी फोनबरोबर आलेला कागद काढून वाचला. पेटीच्या आणि हँडसेटच्या पोटात तांदळाएवढ्या पांढऱ्या बटणांची रांग होती. दोन्हीकडची सारखीच फिरवली की दुसरा कुठलाही हँडसेट आपल्या पेटीला लागत नाही. मी ती फिरवली. बायकोला म्हणालो, "लाइनमध्ये खरखर होती, काढली." खरं कारण ती रेशनची रांग होती. बिल नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी खिडकीतून मला ती दिसली. हँडसेट कानाला लावायची, भिंतीच्या कडेकडेनं सरकायची, पुन्हा बटण दाबायची. मग आमच्या दाराशी आली. "भाऊ, तुमचा फोन चालू हाय न्हवं?"

"हो. चालू आहे."

ती माझ्याकडे पाहत राहिली. बहुतेक सगळं समजली. गेली.

काही आठवड्यांनी एक म्हातारी आमच्या पायरीवर येऊन बसली. नगरला एसटी बदलून आली होती. शेजारी कुलूप होतं. सगळे एका साखरपुड्याला गेले होते. बायको शाळेत. आवाजावरून मी म्हातारीला तेव्हाच ओळखलं. पाणी दिलं.

"दादा, माजी लेक हितं शेजारी दिलीय. तिचा फोन यायचा, आता येत न्हाई. मी लई टोचून बोलले तिला. राग धरलाय तिनं. घरी पोरालाबी न सांगता आलेय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "व्याह्यांनी मला बघितलं तर तिलाच बोल लावतील. मी जाते. तुमी तेवढं गुपचूप सांगा तिला. म्हनावं, आये येऊन गेली. आयेला राग न्हाई, तूबी सोड."

"सांगतो," मी म्हणालो.

राग वगैरे काही नाही आजी, फोन मीच बंद केलाय, एवढं तिथंच सांगता आलं असतं. नाही सांगितलं. लेकीलाही निरोप दिला नाही. निरोप द्यायचा तर तो कशाबद्दलचा हे मला ठाऊक आहे, असं दिसलं असतं. बटणं पुन्हा पहिल्यासारखी करणंही माझ्याच हातात होतं. उद्या बघू, उद्या बघू म्हणत राहिलो.

वर्षाच्या आत म्हातारी वारली. तेवढ्यापुरतं माहेर उघडलं. दहावा करून सून परत आली, तेव्हा भिंतीपलीकडून माझ्या बायकोला म्हणाली, "वहिनी, माझी आई शेवटपर्यंत माझ्यावर रागावलेलीच ऱ्हायली. एकदासुदिक आली न्हाई बघा." मी आत वर्तमानपत्र वाचत होतो. पान उलटलं.

आता ती मुलाकडे सुप्याला असते. मुलगा तिथल्याच एका कारखान्यात आहे. मी नगरला राहतो. पुण्याला जाताना गाडी सुप्याला थांबते. मी उतरत नाही.

फोन मी बंद केला होता. तिची आई आली होती, आणि ती रागावलेली नव्हती. हे मला अजून तिला सांगायचं आहे.