तिसऱ्या नंबरची वायर

मी मुळात क्षमाशील बाई नाही. लहानपणी खेळात कुणी फसवलं, तर त्याची एक चप्पल मी विहिरीजवळच्या चिखलात पुरून यायचे. एकच, म्हणजे दुसरी बघून त्याचा जीव जळावा. त्यामुळे माझी नोकरी घालवणाऱ्याला मी सोडणार नव्हतेच. फक्त घालवली कोणी, ते आधी कळायला हवं होतं.

नोकरी घरबसल्या होती. चांदीप गावातल्या आमच्या घरात वरच्या खोलीत टेबल, लॅपटॉप, आणि ऑस्ट्रेलियातल्या लोकांबरोबर रोज सकाळी सातची मीटिंग. तीन महिन्यांचं प्रोबेशन. पहिले काही आठवडे छान गेले. मग रोज सातला दहा मिनिटं असताना नेट जायला लागलं, आणि आठच्या सुमाराला आपोआप परत यायचं. मोबाईलची रेंज आमच्याकडे अंगणात येते आणि उंबऱ्यात मरते. मी अंगणात उभी राहून बोलायचे, आणि तिकडे माझ्यापेक्षा कोंबड्यांचाच आवाज जास्त जायचा.

केबलवाल्याला रोज फोन करायचे. त्याचं उत्तर ठरलेलं. "लाईन एकदम ओके आहे, ताई. तुमचा लॅपटॉप जुना झालाय." लॅपटॉप नवाकोरा होता. शेवटी कंपनीने कळवलं, काम चांगलं आहे, पण तुम्ही वेळेला हजर नसता. संपलं. मी रडले नाही. रडायला वेळच कुठे होता, मला माणूस शोधायचा होता.

मैत्रिणीने नेटवर्क तपासायचं एक ॲप सांगितलं, ते फोनवर घेतलं. ते दर अर्ध्या मिनिटाला आपल्या राउटरला हाक मारतं, मग त्याच्या पुढच्या टप्प्याला, मग बाहेरच्या जगाला. ओ आली की हिरवं, नाही आली की लाल, आणि सगळं वेळेसकट लिहून ठेवतं. यादीतल्या प्रत्येकाला आपण हवं ते नाव देऊ शकतो. चार दिवसांत चित्र स्पष्ट झालं. माझा लॅपटॉप हिरवा, राउटर हिरवा. लाल सुरू होत होतं गल्लीतल्या डब्यापासून.

आमच्याकडे नेटचा डबा कुणाच्या तरी भिंतीवर लावतात, त्याला वीज त्याच घरातून घेतात आणि बदल्यात त्या घराला नेट फुकट देतात. आमच्या गल्लीतला डबा होता चुलतकाकाच्या पडवीत. चुलतकाका आणि आम्ही, आमच्या मधे एक भिंत आणि सात वर्षांचा अबोला. माझ्या भावाच्या हळदीत त्याला मानाचा टॉवेल-टोपी द्यायचा राहून गेला, एवढंच कारण. तो जेवणावरून उठून गेला होता, तो गेलाच.

पाचव्या दिवशी मी फोन हातात घेऊन गच्चीवर उभी राहिले. काका टोपली घेऊन बाहेर आला, पडवीत कुठेतरी हात घातला, आणि माझ्या हातातलं ॲप लाल झालं. त्याने दाराला कुलूप लावलं आणि जाता जाता आमच्या गच्चीकडे एकदा बघितलं. मला एवढं पुरे होतं. माझी नोकरी त्याने एका बोटाने घालवली होती, तीसुद्धा टॉवेल-टोपीसाठी.

मी ते लाल पट्टे केबलवाल्याला गल्लीत सगळ्यांसमोर दाखवले. त्याची बोबडी वळली ते पाहून मला दोन घास जास्त गेले. दोन दिवसांत डबा तिथून निघून आमच्या पडवीत आला. आता वीज आमची होती आणि डबा माझ्या हाताशी. त्यातल्या तिसऱ्या नंबरची वायर काकाच्या घरी जात होती.

काकी वारल्यापासून काका एकटाच. त्याची मुलगी लग्न होऊन दुबईला असते आणि रोज संध्याकाळी सातला तिचा व्हिडिओ कॉल येतो. तो ओट्यावर फोन तांब्याला टेकवून ठेवतो, केसांना पाणी लावतो आणि वाट बघत बसतो. आमच्या खिडकीतून सगळं दिसतं. माझे सात गेले होते, आता त्याचे जाणार होते. जशास तसं.

ॲपच्या यादीत मी त्याच्या राउटरला नाव दिलं, 'वैरी'. पहिल्या संध्याकाळी वायर ओढली आणि वैरी लाल झाला. खिडकीतून बघितलं, तर तो फोन उचलून झटकत होता. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तो फोन घेऊन अंगणभर फिरला, पण तिथल्या रेंजवर व्हिडिओ काही लागत नाही. तिसऱ्या दिवशीही मी ओढली. आठ दिवस माझा हा नेम चुकला नाही.

नवव्या दिवशी वायर नुकतीच काढली होती, आणि काका आमच्या पायरीवर उभा. सात वर्षांत पहिल्यांदा. आई आतून बघतच राहिली.

"बाय, तुज्याकडं ते नेट बगायचं कायतरी हाय ना?" त्याने फोन माझ्यापुढे धरला. "माजं जरा बग. पोरीचा फोन येयाच्या टायमालाच बंद पडतं. ती तिकडं रडतंय, बापाला काय झालं म्हनून."

तो बरोबर डब्याखाली बसला. त्याच्या डोक्यावर डब्यातला तिसऱ्या वायरचा दिवा विझलेला, आणि वायर माझ्या पाठीमागे लोंबत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "सकाळी वाडीत जाताना तुम्ही काय बंद करता, काका?"

"मेन स्विच. मोगरा सुरू झाला का घरात कोन नसतं. मागं वायर जळून पडवीतला पेंढा पेटलावता, तवापासनं पाडूनच जातो." मग तो म्हणाला, "गच्चीवर तू दिसायचीस. वाटायचं, हाक मारावी. पन आमी भांडलेले ना."

डबा त्या स्विचवर चालायचा, हे त्याच्या गावीही नव्हतं. फोनवर ॲप उघडं होतं. त्याने वाकून यादी बघितली आणि लाल ओळीवर बोट ठेवलं.

"ह्यो वैरी कोन?"

"केबलवाला," मी म्हणाले.

"त्यानंच तुजी नोकरी घालवली ना? गल्लीत आयकलं मी." त्याने मान हलवली. "बरोबर हाय. सोडू नको त्याला."

"तुमचा फोन जुना झालाय, काका." माझ्या तोंडून हेच निघालं. केबलवाल्याचंच वाक्य, फक्त वस्तू बदलली. आणि त्याने ते मुकाट मान्य केलं. "ते पन खरं," म्हणाला, गुडघ्यावर हात टेकून उठला, आणि पायरी उतरून गेला.

मी वायर परत खोचली. वैरी हिरवा झाला. थोड्याच वेळात भिंतीपलीकडे फोन वाजला आणि काका ओरडला, "लागला गं, बाय! तू हात लावलास आन् लागला!"

मग मला माझ्या गेलेल्या नोकरीचं रडू आलं. इतके दिवस सुडाच्या मागे लागून ते राहूनच गेलं होतं.