जाईबाईची होडी: एक कागदाची, एक प्लास्टिकची

डोंबिवली पश्चिमेला आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये शालन आणि दौलत कारखानीस राहायचे. शालन ठाण्याला सरकारी कचेरीत टायपिस्ट होती आणि दौलत एमआयडीसीतल्या बादल्या-टमरेलं बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन. नवराबायकोत भांडायला सासू नव्हती, की माहेरचं कुणी. त्यांचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मॉडेल बनवायचं तर कागदाचं की प्लास्टिकचं?

शालनचा कागदावर जीव. लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे, जुनी कॅलेंडरं, मिठाईचे खोके, असलं काही ती टाकू द्यायची नाही. मैद्याची खळ शिजवायची, झुरळं लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची आणि जेवणाच्या टेबलावर देऊळ नाहीतर रेल्वेचं इंजिन उभं करायची. दौलतला दुबईच्या मेव्हण्याने एकदा विमानाचं प्लास्टिकचं किट आणून दिलं, तेव्हापासून तो त्या पंथाला लागला. सांगाड्यातून एकेक भाग मोडून काढायचा, कानस मारायची, उग्र वासाच्या गोंदाने चिकटवायचा.

"कागद म्हणजे काय गं, भिजला की खलास," तो म्हणायचा. "माझं विमान धुऊन वाळत घालता येतं."

"विमान धुवायचं कशाला?" शालन विचारायची. "आणि अहो, खोक्यात जे असेल तेच तुम्ही बनवणार. मला वाटेल ते मी बनवते."

त्र्याण्णव साली हा वाद घराबाहेर पडला, तो जाईबाईमुळे. जाईबाई म्हणजे कोपर गावातली कोळीण. आमच्या मजल्यावर मासळी घेऊन यायची. एकदा पाटी उतरवून ती शालनच्या उंबऱ्यात बसली आणि बोंबलांचा भावसुद्धा सांगेना. तिच्या मुलाने, धाकूने, फायबरची नवी होडी आणली होती आणि नवऱ्याच्या वेळची लाकडाची होडी तो मोडायला देणार होता.

"प्लास्टिकची होरी आणलीन गो मेल्यान," जाईबाई म्हणाली. "जुनी होरी आता दिसाची पन नाय."

आतून दौलतचा आवाज आला, "धाकू शहाणा आहे!"

शालनने तिकडे लक्षच दिलं नाही. "मावशी," ती म्हणाली, "मी तुम्हाला तश्शीच छोटी होडी करून देते."

रविवारी ती टेप घेऊन खाडीवर गेली. धाकूने हसत हसत टेपचं दुसरं टोक धरलं. मग पुढचे कित्येक दिवस कारखानीसांच्या घरी जेवण जमिनीवर, कारण टेबलावर होडी. कागदाच्या फळ्या एकावर एक चिकटवून तिने होडीचा पोटाकडचा बाक अस्सा धरला होता की बघणाऱ्याला लाकूडच वाटावं. निळा पट्टा, पांढरी कड, पुढच्या टोकाला 'मंजुळा' हे नाव. ते जाईबाईच्या सासूचं.

जाईबाईने होडी हातात घेतली, सगळीकडून फिरवून बघितली, तोंडभर हसली आणि सरळ न्हाणीघरात गेली. होडी मिळाल्यावर माणूस करणार काय? पाण्याने भरलेल्या, दौलतच्याच कारखान्यातल्या टबात तिने ती सोडली. शालन "मावशी, अहो!" म्हणेपर्यंत खळ सुटली, फळ्या उलगडल्या आणि मंजुळा शांतपणे तळाला गेली.

दौलतला हसू आवरेना. "आता बघा," तो म्हणाला, "प्लास्टिक काय करतं ते."

पण होडीचं किट कुठल्या खोक्यात मिळणार? त्याला शालनचेच नमुन्याचे कागद मागावे लागले. तिने ते दिले, पण एकेका कागदासाठी त्याला "प्लीज" म्हणायला लावलं. कारखान्यातले प्लास्टिकचे टाकाऊ पत्रे त्याने त्या नमुन्यांवर कापले. वाकवायला उकळत्या पाण्यात धरले, तर ते पापडासारखे वेडेवाकडे झाले. गोंद जास्त पडला तिथे भोक पडलं. शेवटी होडी झाली, आणि डौलासाठी त्याने तिला भलीमोठी जाड डोलकाठी लावली.

जाईबाई आली. होडी टबात उतरली, एकदा डोलली आणि पालथी झाली. सरळ केली, पुन्हा पालथी. बुडायचं मात्र नाव घेईना.

जाईबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "तुजी होरी बुरली, पन सरल बुरली गो," ती शालनला म्हणाली. "ह्यांची तरंगते, पन उलटी!"

आम्ही शेजारी दारात उभे होतो. एवढं हसलो की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. दौलतही हसला, पण रात्री जेवताना तो शालनला म्हणाला, "बाईच्या डोळ्यात पाणी होतं गं, तुझी बुडाली तेव्हा. मला हसायला नको होतं."

तिसरी होडी दोघांनी मिळून केली. फळ्या कागदाच्या, शालनच्या हातच्या. त्यावर दौलतने मेणबत्त्या वितळवून ब्रशने हात दिले आणि तळाशी वजनाला कारखान्यातले प्लास्टिकचे दाणे भरले. डोलकाठी बारीक केली. टब काठोकाठ भरून दोघं जाईबाईची वाट बघत बसले.

तिने होडी घेतली. नावावरून बोट फिरवलं. दौलत टबाकडे हात करून म्हणाला, "सोडा ना मावशी, आता नाही बुडायची."

"नको," जाईबाई म्हणाली. "जल्मभर पान्यातच होती. आता बसू दे कोरडी." तिने होडी पदरात गुंडाळली, मासळीची पाटी तशीच आमच्या दारात विसरली आणि जिना उतरून गेली.

होडी तरंगली असती की नाही, हे कळणार कसं? दौलतला चैन पडेना. शनिवारी अर्धा दिवस लवकर येऊन तो शालनला घेऊन पुन्हा खळ शिजवायला बसला. आठवड्याभरात तशीच्या तशी आणखी एक होडी झाली. मग एका संध्याकाळी त्यांच्या न्हाणीघरातून एवढी आरोळी आली, की मी पिठाचे हात घेऊन धावले. दौलत कामावरच्या पँटीत गुडघ्यांवर बसला होता. होडी टबात सरळ, ऐटीत उभी होती.

"बघा, कागद तरंगला!" शालन मला म्हणाली.

"कागद कुठला?" दौलत म्हणाला. "मेण तरंगलं. आणि मेण निघतं पेट्रोलियममधून, म्हणजे प्लास्टिकचा सख्खा भाऊ."

"खळ कोणी शिजवली?"

"दाणे कोणी आणले?"

मी दार ओढून घेतलं आणि माझ्या पोळ्यांकडे परत आले.