अठरा पायऱ्यांची गढी

रेडिओ हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण हा माणूस सकाळी चूळ भरायच्या आधी बोलायला लागतो आणि घोरतानाही मधेच एखादं वाक्य टाकतो, म्हणून लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात बायकोनं त्याचं बारसं नव्यानं केलं. बंद करायचं बटण कुठं आहे, ते तिला अजून सापडलेलं नाही.

धंदाही त्यानं जिभेला शोभेल असाच धरला. आधी नऊ वर्षं शाळेची बस चालवली. तिथं पोरंच त्याच्यापेक्षा जास्त बोलायची, म्हणून सोडली. मग स्वतःची सात माणसांची गाडी घेतली आणि पाहुणे फिरवायला लागला. एक दिवस, एक कुटुंब, दुसरं कोणी नाही. सकाळी आठला लॉजच्या दारातून उचलायचं, संध्याकाळी सहाला तिथंच आणून सोडायचं. मधल्या दहा तासांत जुनी गावं, किल्ले आणि रेडिओ.

बावीस वर्षांत त्याला या कामातल्या सगळ्या खाचाखोचा कळल्या होत्या. मोठ्या बसगाड्या साडेदहाला येतात, म्हणून पहिला किल्ला त्याच्या आत उरकायचा. बोलताना आपली पाठ भिंतीकडे ठेवायची आणि ऊन आपल्या डोळ्यांत घ्यायचं, पाहुण्यांच्या नाही. मोठी लढाई सांगायची ती नेमकी जिथं माणसाला दम लागतो त्या पायरीवर. पाहुणे धापा टाकत कठड्याला टेकतात आणि त्यांना वाटतं, आपण इतिहासासाठी थांबलोय. कुणाच्याच अब्रूला धक्का नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक गावात स्वच्छ संडास कुठं आहे ते पाठ पाहिजे. राजाचं नाव चुकलं तर चालून जातं, हे चुकलं तर गाडी धुवावी लागते.

तर त्या दिवशी लॉजच्या दारात तीन पाहुणे उभे होते. एक दातांचा डॉक्टर, त्याची बायको आणि डॉक्टरची आई. आईच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात घडीचं स्टूल. गाडीत बसताबसताच म्हातारीनं जाहीर केलं, "हे बघा गाईडदादा, माझे दोन्ही गुडघे गेलेत. तुमचे ते दोन मोठे किल्ले या दोघांना दाखवा, मी खाली स्टूल टाकून बसते. मी आलेय ती फक्त तिसऱ्यासाठी. ती अठरा पायऱ्यांची गढी."

रेडिओची किल्ली गाडीला लागता लागता राहिली.

"कुठली गढी, मावशी?"

"कुठली म्हणजे? तुमच्याच जाहिरातीत आहे." डॉक्टरच्या बायकोनं मोबाईल पुढं केला. रेडिओनं चष्मा कपाळावर नेऊन वाचलं. 'लहानशी, देखणी गढी. फक्त अठरा रुंद पायऱ्या. ज्येष्ठांना सोयीची.' खाली फोटो. फोटोत तो दरवाजा, ज्याच्या शेजारच्या दोन खोल्यांत रेडिओचा जन्म झाला होता, आणि ज्याच्यासमोरून सात वर्षं तो गाडीसुद्धा तिसऱ्या गियरमध्ये काढायचा.

जाहिरात लेकीनं बनवली होती. पेट्रोल भरायचं निमित्त काढून त्यानं तिला फोन लावला.

"काय गं, गढी कोणी घातली त्यात?"

"मीच. चांगली दिसते ना?"

"ती उघडणार कोण? तुझा बाप?"

"आत्या उघडेल. तिच्याकडेच आहे ना किल्ली."

"आत्या माझ्याशी बोलत नाही, हे तुला माहीत नाही?"

"माहीत आहे म्हणून तर घातली, बाबा. सात वर्षं तुम्हा दोघांचे निरोप पोचवून माझी चप्पल झिजली. आता तुमचं तुम्ही बघा." आणि तिनं फोन ठेवला. बापाचं बटण कुठं आहे ते लेकीला सापडलं होतं.

भांडणाचं कारण सांगायला मोठं नाही. बाप गढीचा पहारेकरी. बाप गेला आणि किल्ल्यांचा जुडगा थोरल्या बहिणीकडं आला. तिनं लग्न केलं नाही, गढीच सांभाळली. कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही, हे तीच ठरवते. रेडिओ सुरुवातीला पाहुणे घेऊन रोज यायचा. गढीच्या अंगणात विहीर आहे. प्रत्येक ठिकाणी हशाची एक जागा लागते, तशी त्यानं ती विहीर धरली होती. गोष्ट अशी, की एक पहारेकरी टाकीभर दारू पिऊन विहिरीत पडला आणि आतून स्वतःच्याच आवाजाला दरडावून विचारायला लागला, 'कोण आहे रे तिकडं?' तिकडूनही तसंच उत्तर आलं. मग हा म्हणे रात्रभर तिथं पहारा देत बसला! पाहुणे पोट धरून हसायचे. पुढं पुढं रंग चढत गेला, आणि एका दिवशी बोलण्याच्या भरात तोंडातून निघून गेलं, 'हा पहारेकरी म्हणजे आमचेच वडील हो!' हशा दुप्पट झाला. नेमकी तेव्हाच ताई वरच्या खिडकीत चादर झटकत होती.

ती खाली आली, पाच पाहुण्यांना हात धरून बाहेर काढलं, भावाला पाठीत ढकलून काढलं आणि दाराला आडणा घातला. बापानं जन्मात कधी थेंबाला शिवलं नव्हतं.

त्या दिवसापासून रेडिओ पाहुण्यांना सांगायचा, गढी कायमची बंद आहे. आज ते सांगायची सोय नव्हती.

पहिला किल्ला झाला. डॉक्टर आणि बायको दोनशे चाळीस पायऱ्या चढून आले, म्हातारी खाली स्टुलावर. दुसरं गाव झालं, तिथली दगडी गल्ली, कमान, पाणचक्की. मग दुसरा किल्ला, म्हातारी पुन्हा खाली. रेडिओ बोलत होता, पण त्याच्या लढाईत आज दोन्हीकडची सैन्यं एकाच बाजूनं येत होती. खाली उतरल्यावर त्यानं म्हातारीशेजारी बसकण मारली आणि हळूच पिल्लू सोडलं.

"मावशी, गढीचं काय आहे, तिथं अधूनमधून डागडुजी चालू असते."

"असते, की आज आहे?"

"म्हणजे... असू शकते."

"दादा, मी छत्तीस वर्षं पोस्टात खिडकीवर बसले. पार्सल हरवलं की माणसं 'असू शकते' म्हणतात. सरळ सांगा, काय घोळ आहे?"

रेडिओनं सांगितलं. नाही म्हटलं तरी पाऊण तास लागला. म्हातारीनं ऐकून घेतलं, स्टूल मिटलं आणि म्हणाली, "म्हणजे बापाची गोष्ट सांगून तुम्ही पाहुण्यांना हसवलंत, आणि गुडघे दुखतायत माझे. चला."

गढीच्या दारात ताई एका लाकडी खुर्चीला निळा रंग देत बसली होती. वय सत्तरीच्या अलीकडं, हातापायांनी खंबीर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. गाडी तिनं पाहिली, भाऊ पाहिला आणि ब्रश रंगात बुडवला.

रेडिओ दहा पावलांवर थांबला. तो डॉक्टरला म्हणाला, "डॉक्टर, त्यांना सांगा, पाहुणे आलेत."

डॉक्टर बिचारा मधे उभा. "ते म्हणतायत, पाहुणे आलेत."

"मला डोळे आहेत म्हणावं," ताई खुर्चीच्या पायाकडं बघत म्हणाली. "आणि त्याला विचारा, पाहुण्यांना पहारेकरी दाखवायला आणलंय का? दारुडा?"

"त्या विचारतायत, दारु..."

"ऐकू आलं मला," रेडिओ पुटपुटला. "त्यांना म्हणावं, यात या मावशींचा दोष नाही. सकाळपासून खाली बसून आहेत. एवढीच एक जागा त्यांना चढता येते."

"आणि ती जागा बंद आहे ती कोणामुळं, तेही सांग म्हणावं."

डॉक्टरनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "माझ्याकडं पेशंट येतात ते तोंड उघडून बसतात, बोलत तरी नाहीत," तो बायकोला म्हणाला.

म्हातारी काठी टेकत पुढं आली आणि पायरीवर बसली. "बाई, तुमचं भांडण चालू द्या. मला काही घाई नाही. फक्त एक, मला आत बघायचंय, आणि परत यायला मी पुढच्या वर्षी चालत असेन की नाही सांगता येत नाही. हा रंग वाळायला किती वेळ लागतो?"

"तासभर."

"मग थांबते."

ताईनं ब्रश खाली ठेवला. हात फडक्याला पुसले. बराच वेळ पुसले. मग पहिल्यांदा सरळ भावाकडं बघून म्हणाली, "जिन्याचं दार उघडते. पण आधी विहिरीपाशी चल. या तिघांसमोर गोष्ट सांग. झाली तशी. एक शब्द इकडचा तिकडं केलास, तर सगळे बाहेर. या बाईसुद्धा."

अंगणात विहीर होती तशीच होती. रेडिओनं सवयीनं पाठ भिंतीकडं केली, ऊन डोळ्यांत घेतलं, आणि त्याला पहिला शब्द सापडेना. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. खोटं कसं सुरू करायचं ते त्याला झोपेत येत होतं. हे कुठून धरायचं?

"इथं..." त्यानं घसा साफ केला. "इथं एक पोरगा पडला होता. मी. नऊ वर्षांचा होतो."

"दहा," ताई म्हणाली.

"दहा. कठड्यावरून चालून दाखवत होतो."

"कोणाला?"

"ताई, ते कशाला?"

"कोणाला ते सांग."

"इथल्या पाणचक्कीवाल्याच्या मुलीला." डॉक्टरच्या बायकोनं ओठ आत ओढले. "पाय घसरला. पाणी तेव्हा बरंच खाली होतं. वडील दरवाज्यावर होते. त्यांना आवाज ऐकू आला. ते धावत आले आणि आत वाकून ओरडले, कोण आहे रे तिकडं?"

रेडिओनं विहिरीच्या कठड्यावर हात ठेवला.

"मी म्हटलं, मी आहे. मग त्यांनी उडी मारली. त्यांना पोहता येत नव्हतं. मला माहीत होतं, त्यांना येत नाही. माझ्या आधी तेच बुडायला लागले. दोघांनी मिळून रहाटाची दोरी धरली. ताईनं रहाटाला वजन दिलं आणि गाव जमेपर्यंत सोडलं नाही. त्यांचा पाय खाली दगडावर आपटला होता. पुढं जन्मभर ते तो ओढतच चालले. लोकांना वाटायचं, पितात."

"आणि ते लोकांना तू सांगायचास," ताई म्हणाली.

"हो." रेडिओ विहिरीच्या दगडाकडं बघत म्हणाला. "आधी खरी सांगायचो, ताई. पहिल्या वर्षी. पाहुणे 'अरेरे' म्हणायचे आणि गप्प व्हायचे, आणि पुढचा सगळा दिवस गाडीत कोणी हसायचं नाही. मला ते जड जायचं. मग एकदा असंच फिरवून सांगितलं, आणि ते चाललं. चाललं म्हणून चालवत गेलो. तोंडाला लगाम नाही, हे खरंय. चुकलो."

 म्हातारी काही म्हणणार, तेवढ्यात ताई नाक ओढत म्हणाली, "चड्डीचं राहिलं."

"ताई!"

"झाली तशी सांगायची ठरली होती. हा वर आला तेव्हा अंगात चड्डी नव्हती. आतल्या दगडाला अडकून ती विहिरीतच राहिली. सगळं गाव जमलेलं, पाणचक्कीवाल्याची मुलगी पुढच्या रांगेत. आणि हा ओला उंदीर एक हात पुढं, एक हात मागं धरून वडिलांना काय म्हणतो? 'माझी चड्डी काढायला परत उडी मारा!'"

आधी म्हातारी हसली. मग डॉक्टरची बायको, मग डॉक्टर, आणि मग तर म्हातारीला स्टुलाचा आधार घ्यावा लागला. रेडिओनं बावीस वर्षं हशे मोजले होते. दारुड्याच्या गोष्टीला इतका मोठा कधी पडला नव्हता. कान लालभडक करून तो उभा राहिला आणि हसणाऱ्यांतला एक झाला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

ताईनं जुडग्यातली मोठी किल्ली काढली आणि जिन्याचं दार उघडलं. अठरा पायऱ्या म्हातारीनं सहा टप्प्यांत चढल्या. वर गेल्यावर तिनं खिडकीतून पलीकडची नदी, गावाची छपरं, मोकळा माळ हे सगळं सावकाश पाहून घेतलं. भिंतीला हात लावून पाहिला. ताई तिला कोनाडे दाखवत होती, कुठं दारूगोळा, कुठं धान्य, कुठं वडिलांची बसायची जागा. रेडिओ मागं उभा होता आणि कोणी विचारल्याशिवाय बोलत नव्हता. कोणी विचारलंही नाही.

निघताना म्हातारी गाडीत बसली आणि डॉक्टरनं स्टूल मागं टाकलं. ताई दाराशी आली.

"उद्या कोण आहे?"

"एक जोडपं आहे. परवा पाच जण."

"मंगळवारी बंद असतं, ते जाहिरातीत घाल म्हणावं पोरीला. आणि चारच्या आत आण. उशिरा आणलंस तर दार लागलेलं असेल."

"विहिरीपाशी कोण बोलणार?"

"तू. मी शेजारी उभी राहीन," ताई म्हणाली, आणि खुर्चीचा रंग वाळला का ते बोट लावून बघायला वळली.