निळ्या शाईतला तांबडा आकडा

मुजावरसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते डबा खाताना. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. बँकेच्या कोल्हापूर शाखेत माझा पहिलाच दिवस होता. शाखेत बाईमाणूस मी एकटी, त्यातून सांगलीहून आलेली विधवा. दुपारी सगळे मागच्या खोलीत जेवायला गेले, मला कुणी बोलावलं नाही. साहेब आमच्या खातेवही विभागाचे अधिकारी. तेही आपल्या टेबलावर एकटेच जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई, डबा आणलाय न्हवं? मग खावा की. वही काय पळून जात न्हाय." पुढचं वर्षभर आम्ही आपापल्या टेबलावर, समोरासमोर, फारसं न बोलता जेवलो.

साहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शिस्तीबद्दल बरेच जण लिहितील. माझ्या लेखी ती शिस्त 'ओव्हरड्राफ्ट' या एका शब्दात होती. खात्यात शिल्लक असली की आकडा निळ्या शाईने, आणि शिल्लकेपेक्षा जास्त उचल झाली की तांबड्या शाईने, ही आमची पद्धत. परिपत्रकांत त्या उचलीला 'अधिकर्ष' म्हणत. गिऱ्हाइकं 'ओडी' म्हणत, आणि 'ओडी मिळाली' असं लॉटरी लागल्यासारखं सांगत. साहेबांना ते मुळीच खपत नसे.

एकदा उचगावचे एक व्यापारी पासबुक नाचवत आले. "सायेब, तांबड्या शाईनं लिवलंय, म्हंजी जादा जमा हाय न्हवं?" साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग सांगितलं, "पावणं, तुमचं पैसं मंगळवारीच सपलं. ह्यो आकडा बँकेच्या पैशाचा हाय. ठरल्या हद्दीपतोर वापरायचं, जितकं दिस वापरलं तितकं व्याज द्यायचं, आन् परत भरायचं. ओव्हरड्राफ्टचा अर्थ एवढाच." व्यापाऱ्यांचा चहा निम्मा तसाच राहिला. पण त्यांनी कधी हद्द ओलांडली नाही.

रोज संध्याकाळी साहेब पानापानावरच्या तांबड्या आकड्यांवर बोट ठेवून ते तपासत. निळ्या आकड्यांवर ते थांबत नसत, आणि तिथेच माझ्यामुळे घात झाला. एका सकाळी माझा तांबड्या शाईचा पेन सुकला. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं खातं होतं, हद्द पुरती वापरून झालेली. नंतर तांबड्याने गिरवू म्हणून मी आकडा निळ्या शाईने लिहिला आणि विसरले. दुपारी त्याच खात्यावरचा मोठा चेक आला. निळा आकडा म्हणजे शिल्लक, असं धरून मी खुशाल वजाबाकी केली. चेक पास झाला. संध्याकाळी साहेबांचं बोट त्या आकड्यावर थांबलं नाही. महिन्याभरात फौंड्री बंद पडली आणि बँकेचे पैसे बुडाले.

हेड ऑफिसमधून चौकशीला माणसं आली. मी अजून प्रोबेशनवर होते. नोकरी गेली असती, तर पुन्हा दिरांच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं असतं. आत जाण्याआधी साहेब माझ्या टेबलापाशी थांबले. "बाई, तुमी गप ऱ्हावा. तुमची नोकरी जाईल. माझी नुसती बदली हुईल." आत त्यांनी सांगितलं, की पेन सुकला तेव्हा 'निळ्याने लिहा' असं त्यांनीच मला सांगितलं होतं. हे धादांत खोटं होतं. मी मूग गिळून बसले.

साहेबांची बढती रोखली गेली, मुरगूडच्या लहानशा शाखेत बदली झाली. पत्नी आधीच गेलेल्या, एकुलती एक मुलगी लग्न होऊन लांब. कोल्हापुरात निदान गल्ली तरी ओळखीची होती. इकडे शाखेत समोरचं टेबल रिकामं झालं, आणि दुपारचा डबा मी बऱ्याचदा तसाच घरी परत नेऊ लागले.

वर्षभराने एका रविवारी मी धीर करून मुरगूडला गेले. साहेब एका खोलीत राहत होते, स्वतः भाकरी भाजत होते. घरात ताट एकच. ते त्यांनी मला दिलं आणि स्वतः डब्याच्या झाकणात जेवले. एरवी मोजकं बोलणारा हा माणूस दोन तास बोलत राहिला. "रविवारी हितं बोलाय कोण न्हाय बघा," म्हणाले. निघताना मी कसंबसं सांगितलं, की हेड ऑफिसला खरं काय ते लिहून कळवते. साहेब भडकलेच. "आता कबूल केलंसा तर माझं हितं ऱ्हाणं फुकट जाईल की!"

परतीच्या एसटीत मी रडले, आणि पत्र लिहिलं नाही. साहेब निवृत्तीपर्यंत मुरगूडलाच राहिले.

संपादकांनी आम्हा लेखकांना पाठवलेल्या परिचयात 'एका चुकीमुळे बढती हुकली' असं वाक्य आहे. ती चूक साहेबांची नव्हे, माझी आहे. ग्रंथ छापण्याआधी ते वाक्य दुरुस्त करावं, अशी माझी लेखी विनंती आहे.

साहेब, आज आपल्या जागेवर मी बसते आणि निळ्या आकड्यांवरही बोट ठेवते. आपलं तिथं राहणं फुकट गेलेलं नाही. आपली नजर, गुडघे आणि आवाज असेच ठणठणीत राहोत, शंभरी आपण चालत गाठावी. हे वाचून आपण रागावणार, हे मला ठाऊक आहे. रागवायला का होईना, एखाद्या रविवारी जेवायला या. मी अजून एकटीच जेवते, पण घरात ताटं दोन आहेत.