थांब्याची शेड

“फिरत न्हाय सायब,” खिडकीतून डोकं बाहेर काढून सय्यदभाई ड्रायव्हर म्हणाले आणि त्यांनी इंजिन बंद केलं. समोर दगडी खांबांवर पत्र्याची नवीकोरी शेड उभी होती, चुना लावलेली, पांढरीफेक. आमच्या गाडीसाठी गावानं हौसेनं बांधलेली. आणि नेमकी तीच गाडीच्या आडवी आली होती.

मी तेव्हा उस्मानाबादच्या एस.टी. डेपोत ट्रॅफिक इन्स्पेक्टर होतो. नवा मार्ग सुरू करायचा तर आधी रिकामी गाडी नेऊन रस्ता बघायचा आणि गाडी चालेल की नाही असा शेरा द्यायचा, हे माझं काम. त्या दिवशी डेपो मॅनेजर साहेबही बरोबर होते. गाव तेरच्या आतल्या अंगाला. नाव सांगत नाही, शेडचा विषय काढला की तिथली माणसं अजून चिडतात.

दुष्काळी कामावर बायाबाप्यांनी खडी फोडून हा रस्ता केला होता. दुष्काळ सरत आला होता, पण शेतात अजून काही उभं नव्हतं. हाताशी होतं ते दूध. गावानं दूध संस्था काढली होती, पण कॅन सायकलवरून तेरच्या दूध केंद्रावर पोचेपर्यंत उन्हानं दूध नासायचं. सकाळची गाडी मिळाली तर संस्था टिकणार होती. नाहीतर जगवलेली जनावरं बाजारात जाणार होती.

आमचा एक नियम कडक होता. शेवटच्या थांब्यावर गाडी पुढच्या पुढंच वळली पाहिजे. गाडी बघायला माणसं मागं गोळा होतात, म्हणून तिथं रिव्हर्स घ्यायचा नाही. स्टेअरिंग पूर्ण फिरवल्यावर गाडी जेवढ्या गोलात फिरते, त्याला आम्ही टर्निंग सर्कल म्हणतो. तेवढी जागा गावात एकच होती, चावडीपुढचं मैदान. त्याच्या एका बाजूला आड, दुसऱ्या बाजूला ही शेड. गावाबाहेर वळवावी तर रस्त्याच्या दोन्हीकडं खोल चर.

संस्थेचे चेअरमन दगडूनाना हार घेऊन उभे होते.

“नाना, शेड इथं बांधायला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगंल? गाडी येणार म्हणून आमीच बांधली. परवाच चुना दिला.”

“मग गाडी फिरणार कुठून?”

नानांनी शेडकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. “ते काय ध्यानात न्हाय आलं सायब.”

मॅनेजर साहेब घड्याळ बघत होते. गाडी दुपारच्या फेरीला परत हवी होती. मला म्हणाले, “शेरा मारा, ‘वळण्यास जागा नाही’. पुढच्या वर्षी बघू.”

मला त्या शेडचा असा संताप आला म्हणता! एवढा रस्ता हातानं केला आणि पत्र्याच्या चार तुकड्यांपायी गाडी हातची जाणार. मी साहेबांना म्हणालो, “जरा मोजून तरी बघतो.” आडावरचा दोर गाडीच्या वळणाला लागेल तेवढा मोजून घेतला. मैदानात खुंटी ठोकली, दोराच्या टोकाला उरलेल्या चुन्याचं डबडं बांधलं आणि रेघ ओढत गोल फिरलो. रेघ शेडच्या कोपऱ्यातून गेली. अडत होता एकच खांब. पण तो काढला की पत्रे खाली येणार, म्हणजे अख्खी शेडच जाणार.

दुष्काळी कामावरच्या बायांच्या टोळीची मुकादम होती भीमाबाई. ती पदर खोचून पुढं आली.

“सायब, रेघंच्या आतलं समदं काढलं तर गाडी फिरंल?”

“फिरेल.”

“नक्की?”

मी परत एकदा रेघेकडं बघितलं. मोजमाप माझं, शेड त्यांची. “नक्की,” म्हणालो.

“मग नाना, च्या टाका. सायबांचा च्या हुईस्तोवर मोकळं करतो.”

“भीमाबाई, चुना वाळला न्हाय अजून,” नाना कळवळले.

“आतली माती वली हाय तवरच बरं. दगड लवकर सुटत्यात.”

साहेब काही बोलायच्या आत बाया शेडवर तुटून पडल्या. बाप्ये वर चढले. पत्रे उतरले, वासे उतरले, दगड हातोहात चावडीच्या भिंतीला जाऊन लागले. रस्ता करताना जे हात चालले तेच हात होते, काम उलटं. साहेबांच्या हातात चहाची बशी तशीच राहिली आणि तेच ओरडायला लागले, “अहो, तो पत्रा सांभाळा!” नानांनी हार खांद्यावर टाकला आणि खांबाचा शेवटचा दगड स्वतः हलवला.

सय्यदभाईंनी इंजिन चालू केलं. मी रेघेवरून उलटा चालत हात दाखवत होतो. गाडीचा पुढचा कोपरा आडाकडं सरकला. आडाचा कठडा हातभर राहिला, मग वीतभर. मग तोंड फिरायला लागलं, आणि रिव्हर्स न घेता गाडी तेरकडं तोंड करून उभी राहिली.

फटाक्यांच्या गावाहून, तेरखेड्याहून, आणलेली माळ तेव्हा लागली. मी इन्स्पेक्टर आहे हे विसरून टोपी उडवली. नोकरीत इतका आनंद मला फारदा झाला नाही.

साहेबांनी गार चहा एका घोटात संपवला. “लिहा, मार्ग योग्य.”

मंजुरी आली. पहिल्या सकाळी मी मुद्दाम त्या गाडीनं गेलो होतो. भीमाबाईनं आपला कॅन कुणाला हात लावू दिला नाही. तेरला केंद्रावरच्या माणसानं झाकण उघडलं, दुधाचा वास घेतला आणि दूध मापात ओतून घेतलं. भीमाबाई तिथंच पायरीवर बसली आणि घळाघळा रडली.

पुढं पुष्कळ मार्ग बघितले. गाडी येणार म्हटलं की गाव तिच्या येण्याची जंगी तयारी करतं. तिला परतही जायचं असतं, हे कुणाच्या डोक्यात नसतं. म्हणून नव्या गावात उतरलो की हार नंतर, आधी मी गाडीला बाहेर पडायला वाट आहे का ते बघायचो.